डाव्या हाताची ओवाळणी

दादा,

तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि माझ्यापाशी दोन प्रश्न उरलेत. भाऊबीजेला तू माझ्या तबकात ओवाळणी डाव्या हातानं का टाकलीस, हा पहिला. तुझ्या मागच्या पडवीत ती सायकल कुणासाठी उभी आहे, हा दुसरा. पस्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. मुलांना सांगायचे, आधी काय दिलंय ते लिहा, मग काय काढायचंय ते लिहा, अर्धं गणित तिथंच सुटतं. आता स्वतः लिहायला बसले, तर काय दिलंय तेच मला धड कळत नाही. म्हणून तुलाच विचारते. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. तू होतास तेव्हा तरी कुठं सरळ उत्तर द्यायचास.

दहा दिवस भोपाळला तुझ्या इंद्रपुरीच्या घरी लोक येत होते. तुझ्या नोकरीबद्दल, स्वभावाबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं, पण जो येईल तो सायकलीवर येऊन थांबायचा. समोरच्या लाइनीतले एक गृहस्थ दारात चपला काढता काढता म्हणाले, "हमारे तीनों बच्चों की साइकिल इन्होंने ही नापी थी." मला हसू आलं आणि ते कुठं लपवावं कळेना. आईबाप गेले तेव्हा लोक गीतेतलं काहीतरी बोलले होते. तुझ्या वेळी बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर आणि चाकांच्या रिमवर बोलले. तुला ते आवडलं असतं असं मला वाटतं. पण तुझ्याबद्दल 'असं वाटतं' म्हणायचा धीर आता मला होत नाही, ते का तेच सांगायला बसले आहे.

तुझी पद्धत अख्ख्या कॉलनीला पाठ होती. कुणी म्हणालं, सायकल घ्यायचीय, तर तू रंग विचारायचा नाहीस, कंपनी विचारायचा नाहीस, पैसे किती आहेत तेही विचारायचा नाहीस. आधी चपला काढायला लावायचास. माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, कारखान्यातला तुझा तो लोखंडी काटकोनी गुण्या दोन पायांच्या मधून वर सरकवायचा आणि जमिनीपासून तिथपर्यंतचं माप भिंतीवर खडूनं लिहायचं. बायकामुलींचं माप वहिनी आत नेऊन घ्यायच्या. मग म्हणायचास, हं, आता सांगा, किती खर्च करायचाय. कुणी कितीही कमी सांगितलं तरी तुझं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. कमी पैशांत चांगली सायकल होत नाही असं म्हणणारा माणूस तुला आळशी वाटायचा.

सांगाडा जुना घ्या, पण सरळ घ्या. तो सरळ आहे की नाही हे बघायला तू मागचं चाक बसतं त्या एका खाचेला दोरा बांधायचास, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचास आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचास. सारखं भरलं तर माल चांगला. रिम नव्या घ्या, छर्रे नवे घ्या, टायरवर कंजुषी करू नका, कारण जमिनीला तेवढेच टेकतात. रंग, स्टिकर आणि शोभेची घंटा यांवर एक पैसा घालवू नका. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण तू फक्त सायकलीपुरती वापरायचास. बाकी जगाबद्दल तुझं काही म्हणणंच नसायचं.

माझ्या बाबतीत मात्र तू कधी ऐकलं नाहीस. मी नववीत होते, तू नुकता कारखान्यात लागला होतास. मला बिनदांडीची लेडीज सायकल हवी होती, मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून जाळी लावलेली, वर्गातल्या तीन-चार जणींकडं होती तशी. तू कुठूनसा मोडका सांगाडा आणलास, दांडीचा. दोन रविवार खपून तो उभा केलास आणि माझ्यापुढं आणून ठेवलास. मी म्हणाले, ही मुलांची आहे. तू म्हणालास, दांडीशिवाय सायकल म्हणजे तीन भिंतींचं घर, चढाला लागलीस की लचकेल. आई म्हणाली, अरे, पोरीच्या जातीनं पाय टाकून बसायचं का चारचौघांत. तू आईलाही म्हणालास, शिकेल.

मी तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी चिडून बसले आणि गुडघा फोडून घेतला. त्याच सायकलीवर मी शाळा, कॉलेज आणि बी.एड. केलं. भोपाळात सरळ रस्ता म्हणून नाहीच. एक तर चढ, नाहीतर उतार. त्या चढांवर बाकीच्या मुली उतरून सायकल हातात धरायच्या आणि मी मात्र दात-ओठ खाऊन वर जायचे. कॉलेजात मला कुणीही घाबरवू शकलं नाही, त्यात त्या दांडीचा वाटा आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की मला लेडीज हवी होती. पंचेचाळीस वर्षं, प्रत्येक दिवाळीला, जेवणं झाल्यावर तोच वाद. तू म्हणायचास, ती लचकते. मी म्हणायचे, मला लचकणारीच हवी होती. वहिनी पानं उचलत म्हणायच्या, झालं का सुरू. आज थेट सांगते, दादा. ती सायकल चांगली होती. माझ्या आयुष्यात तिच्याइतकं मापाचं मला काही मिळालं नाही.

मग मी असं का केलं?

निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा. तुला फोन केला असता तर तू त्याच संध्याकाळी गुण्या घेऊन माझ्या घरी कोलारला आला असतास. मी फोन केला नाही. यांना घेऊन मिसरोदच्या बाजूला नवं शोरूम झालंय तिकडं गेले. काचेचा दरवाजा, थंडगार हवा. तिथं कुणी माझे पाय मोजले नाहीत. एका मुलीनं हसून विचारलं, "मॅम, कलर कौनसा पसंद करेंगी?" साठीला आलेल्या बाईला कुणी रंग विचारतं हेच मला इतकं छान वाटलं, की मी पिस्त्याच्या रंगाची, बिनदांडीची, एकवीस गिअरची आणि पुढं टोपली असलेली सायकल उभ्या उभ्या घेऊन टाकली. माझ्यातल्या नववीतल्या नंदीचा तो सूड होता की काय, कोण जाणे. तुझ्यावर सूड घेण्यासारखं तू काही केलं नव्हतंस.

तू बघायला आलास. इंद्रपुरीहून कोलारपर्यंत, तुझ्या त्या काळ्या सायकलीवर, या वयात. माझी सायकल तू एका हातानं उचलून पाहिलीस, टायर दाबलास, मागचं चाक फिरवून कान लावलास. मग म्हणालास, "घरात ठेवायला बरी आहे."

मी म्हणाले, "तुझ्या हातची नाही ना, म्हणून."

एवढंच भांडण. त्याला भांडण म्हणायचं तरी का? तू चहा घेतलास, यांच्याशी पाणीपट्टीवर बोललास आणि निघालास. निघताना दांडीवरून पाय टाकायला तू दोनदा थांबलास, असं मला आता आठवतं. पण ते मी तेव्हा पाहिलं की आता मागाहून घालते आहे, हे मला सांगता येत नाही. शपथेवर मी तसं म्हणणार नाही. तुझं म्हणणं मात्र खरं निघालं. नव्याचे नऊ दिवस झाले, मग चेन उतरायला लागली, ब्रेक किंचाळायला लागले, आणि ती बाल्कनीत चादरीखाली जाऊन बसली. तू फोनवर विचारायचास, चालवतेस ना? मी म्हणायचे, रोज.

मग भाऊबीज. हा पहिला प्रश्न, म्हणून नीट लिहिते.

मी आले तेव्हा तू पाटावर आधीच बसलेला होतास. एरवी मी दारात आले की तू उठून यायचास, माझ्या हातातली पिशवी घ्यायचास. त्या दिवशी उठला नाहीस. अंगावर शाल होती. ऑक्टोबर संपला की भोपाळात गारवा येतो, तेव्हा शालीचं मला काही वाटलं नाही. मी ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी तुझ्याभोवती फिरवली. आणि तू शालीतून डावा हात काढलास आणि पाकीट तबकात टाकलंस. ठेवलं नाहीस, टाकलंस. निरांजन हललं.

दादा, आपल्या घरात डाव्या हातानं कुणाला साधी मिठाची वाटीसुद्धा दिलेली चालत नसे. तू सहा-सात वर्षांचा असताना शेजारणीला डाव्या हातानं प्रसाद दिलास म्हणून आईनं तुझ्या हातावर उलथनं मारलं होतं. ती गोष्ट तूच मला हसत हसत सांगायचास. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येईना. मी तुझ्याकडं पाहिलं, तू निरांजनाकडं पाहत होतास. मग म्हणालास, पोट ठीक नाही, तुम्ही जेवून घ्या. जेवायलाही बसला नाहीस माझ्यासोबत. मी दोन घास खाल्ले. निघताना तू पाटावरून खुर्चीत गेलेला होतास, तिथूनच म्हणालास, "सावकाश जा, नंदे."

रिक्षात बसल्यावर माझं तोंड कडू झालं. मी यांना म्हणाले, एका सायकलीवरून माणूस इतका खाली जातो का? हे म्हणाले, अगं, विचारायचंस ना. मी म्हणाले, मी का विचारू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो आपल्या घराण्याचा, दादा. तुझा एकट्याचा नव्हे.

त्यानंतर तीन महिने मी आले नाही. संक्रांतीला तिळगूळ एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवला. तू दोनदा फोन केलास, मी दोन्ही वेळा कुकरचं निमित्त सांगितलं. इंद्रपुरी काही मुंबईला नाही, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. मी कधी मनात म्हणायचे, या रविवारी जाऊ, आणि मग तो डावा हात आठवायचा. माघात एका पहाटे वहिनींचा फोन आला, तेव्हा फोन उचलतानाही मला क्षणभर वाटलं की तूच आहेस आणि आता माफी मागशील. केवढी मी वेडी.

तेराव्यानंतर वहिनी चार दिवस उज्जैनला भावाकडं गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडं दिली आणि म्हणाल्या, मागची पडवी तुम्ही बघा, नंदाताई, माझ्याच्यानं तिकडं पाय टाकवत नाही. मी एकटीच गेले. रिमचे ढीग, डब्यांत छर्रे, खिळ्याला टांगलेल्या चेनी, भिंतीवर कॉलनीभरच्या पायांची मापं. आणि मधोमध ती.

जवळ जाऊन पाहिली. बिनदांडीची सायकल, दादा. तुझ्या हातची. पुढची नळी इतकी खाली वाकवून घेतलेली, की साडी नेसूनही सहज बसता यावं. रंग दिलेलाच नव्हता, नुसता काळा प्रायमर. चाकांच्या तारा नव्या, टायर नवे, पायडल फिरवलं तर आवाज म्हणून नाही. मी सीटवर बसून पाहिलं. दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले. मी बुटकी, तू ताडासारखा उंच. माझ्यासाठी नाही तर कुणासाठी? मी त्या पडवीत मोठ्यानं हसले आणि मग रडले. म्हटलं, हरला शेवटी. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, बहिणीला लेडीज सायकल करून दिलीन. डावा हात वगैरे सगळं मी त्या क्षणी तुला माफ करून टाकलं. मोठ्या मनाची ना मी.

एक खटकलं होतं. सीट इतकी खाली तू कधी ठेवली नसतीस. पाय जवळजवळ सरळ होईल इतकी सीट उंच हवी, नाहीतर गुडघे जातात, हे तू पोराटोरांच्या डोक्यात घालायचास. मग माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना एवढी खाली का? म्हटलं, म्हातारी बहीण पडेल म्हणून भ्याला असेल. आणि दुसरं, हँडलच्या उजव्या बाजूला ब्रेकची लिव्हरच नव्हती. म्हटलं, तेवढंच राहिलं बिचाऱ्याचं. उजव्या मुठीवर जुन्या ट्यूबचा एक रुंद पट्टा मात्र पक्का बसवला होता. मला वाटलं, भाजीची पिशवी अडकवायला. मी माझी पर्स त्यातच अडकवली आणि सायकल ढकलत बाजारात शकीलभाईंच्या दुकानी घेऊन गेले. तू सामान त्यांच्याकडूनच आणायचास.

मी म्हटलं, भाई, दादाची शेवटची सायकल आहे, माझ्यासाठी बनवत होता, एक ब्रेक लावायचा राहिलाय, तेवढी पुरी करून द्या. शकीलभाई हात पुसत बाहेर आले. खाली वाकून त्यांनी वायरी पाहिल्या. मग डाव्या बाजूची एकुलती एक लिव्हर दाबली. मला म्हणाले, आता ढकला. मी ढकलली. पुढचं चाक हललं नाही आणि मागचंही हललं नाही. एकाच लिव्हरमध्ये तू दोन वायरी बसवल्या होत्यास. खाच कानशीनं रुंद करून, इतक्या सफाईनं की मला दिसलीच नव्हती.

शकीलभाई म्हणाले, "अधूरी नहीं है, दीदी. पूरी है."

मला कळेना. मी म्हटलं, पण उजव्या हातानं काय करायचं? त्यांनी माझी पर्स पट्ट्यातून काढून माझ्या हातात दिली आणि आपला उजवा हात त्या पट्ट्यात सरकवला, सैल, मेल्यासारखा. हात तिथंच राहिला, घसरला नाही. मग त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आधी तू चालत त्यांच्याकडं आला होतास, एक हात खिशात घालून. एका लिव्हरमध्ये दोन वायरी बसतील का, असं विचारलंस. त्यांनी विचारलं, कुणासाठी. "बोले, है एक आदमी."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं, मी ते उजव्या हातानं घेतलं, आणि तेवढ्या गोष्टीचीही मला लाज वाटली.

आता बघ माझी काय गत झाली. सायकल माझ्यासाठी, असं धरलं तर भाऊबीजेचा अपमान उरतो, पण तू मला माफ केलंस हे सुख मिळतं. सायकल तुझ्यासाठी, असं धरलं तर अपमान पुसला जातो, पण मग सुखही जातं आणि वर माझ्या पदरात हे येतं, की माझ्या भावाचा उजवा हात गेला होता, तो माझ्यासमोर बसला होता, मी त्याला ओवाळत होते, आणि मला दिसलं नाही. सीट खाली होती, कारण तुला पाय टेकायचे होते. दांडी नव्हती, कारण तुझा पाय वर उचलत नव्हता. पंचेचाळीस वर्षं ज्या सायकलीला तू तीन भिंतींचं घर म्हणालास, तिच्यात तुला स्वतःला राहायला जायचं होतं. तुझ्याकडं बघून हसायची एवढी चांगली संधी तू मला द्यायला हवी होतीस. मी हसले असते, दादा. आणि मग तुझी पिशवी मी घेतली असती.

दोन दिवस मी त्याच त्याच गोष्टी उलटसुलट लावून पाहिल्या. कधी वाटायचं, तू लपवलंस म्हणून तुझ्यावर रागवावं. कधी वाटायचं, तू लपवलं कुठं होतंस? लपवायचं असतं तर पाकीट आधीच पाटाशेजारी ठेवलं असतंस, वहिनींकडून दिलं असतंस. भरल्या घरात, बहिणीच्या तबकात डावा हात घालणं म्हणजे सांगणंच की. की ती तुझी ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत? मी विचारावं म्हणून तू केलंस, की मी विचारू नये म्हणून निरांजनाकडं पाहिलंस? एकाच माणसानं दोन्ही केलं असेल तर मी त्याला काय म्हणू?

वहिनी परत आल्या तशी मी त्यांना गाठलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. दसऱ्यानंतर सकाळी तुझ्या हातातून चहाचा कप पडला. डॉक्टरांनी अर्धांगाचा झटका म्हटलं, लहान आहे म्हणाले, व्यायाम दिला. तू वहिनींना शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही. आणि ज्या वहिनींनी जन्मभर त्या पडवीला भंगारखाना म्हटलं, त्या रोज दुपारी तिथं बसून पाना धरायच्या. तू डाव्या हातानं पिळायचास आणि त्या उजव्या हातानं धरायच्या. सगळी सायकल तशी झाली. त्या सांगत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता, हेही लिहून टाकते.

मी विचारलं, तो सायकलवरून कुठं जाणार होता? मला फार आशा होती. कोलारला, असं त्यांनी म्हणावं. वहिनी म्हणाल्या, ते काही बोलले नव्हते. कॉलनीत एक फेरी मारून बघू म्हणाले होते, तेवढंच. ती फेरीही झाली नाही.

मग मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत? तीन महिने, वहिनी. एक फोन.

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊकच होतं ना, नंदाताई? भाऊबीजेला तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, नंदीनं पाहिलं. पाहिलं आणि काही बोलली नाही. चारचौघांत मला लाजवलं नाही तिनं. मोठी शहाणी आहे."

त्या पुढं सांगत राहिल्या. तू नंतर कितीदा तरी ते म्हणालास म्हणे. संक्रांतीला मी आले नाही तेव्हा वहिनी म्हणाल्या, बोलवून घेऊ का? तू म्हणालास, नको, तिला असं बघवत नसेल, ती तशीच आहे, वरून कडक आणि आतून मऊ. येईल सवडीनं. माझ्या कुकरच्या निमित्तावरही तू हसलास म्हणे. म्हणालास, रडू आलं असेल, म्हणून फोन ठेवला.

दादा, मी पेपर तपासताना पायऱ्या चुकलेल्या आणि उत्तर बरोबर आलेलं असेल तर पूर्ण मार्क कधी दिले नाहीत. इथं काय करू? माझा तीन महिन्यांचा राग तू माया समजून घेऊन गेलास आणि समाधानानं गेलास. मला बरं वाटायला हवं. वाटतंही, आणि लगेच तुझे ते दोन फोन आठवतात. तुझा गैरसमज झाला म्हणून मी सुटले, की गैरसमज झाला म्हणूनच कायमची अडकले, हे मला ठरवता येत नाही. बसल्या जागी दिवसातून दहा वेळा ठरवते आणि दहा वेळा मोडते.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं, "कळलं होतं ना हो तुम्हाला?" त्यांनाही ते ऐकायचं होतं. तुझी एवढी एक गोष्ट तरी नीट झाली, असं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी म्हणाले, हो.

हे त्यांना कधीच कळणार नाही, मी कळू देणार नाही. पण तुला हो कसं म्हणू? मला कळलं नव्हतं, दादा. मी नुसती रागावले होते.